गोधनाची चित्रकर्त्री रोझा बॉनर

गाविलगडाच्या पठारांवर ज्यांच्या पूर्वजांनी गुरे राखली, त्या आमच्या गवळी समाजाच्या स्मरणिकेत एका फ्रेंच स्त्रीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न अमरावती-अकोल्याकडील वाचकांस पडेल. तिने आयुष्यभर मुख्यतः जनावरेच रंगविली, हे कारण आम्हांस पुरेसे वाटते.

रोझा बॉनर हिचा जन्म १६ मार्च १८२२ रोजी बोर्दो येथे झाला. मुलीचे अक्षरांत चित्त लागेना. तेव्हा मातेने प्रत्येक अक्षराबरोबर एकेक प्राणी काढावयास लावून तिला वाचन शिकविले. रोझा अकरा वर्षांची असता ती माउली निवर्तली. सरकारी कलाशाळेत त्या काळी मुलींस प्रवेश नव्हता. म्हणून चित्रकार असलेल्या पित्यानेच तिला घरी शिकविले.

पशूंची हाडे व स्नायू अभ्यासण्यासाठी ती पॅरिसच्या कत्तलखान्यांत जात असे. हे वाचून आमच्या अंगावर काटा आला, हे लपवीत नाही. तथापि तिच्या बैलाचा खांदा पाहिला म्हणजे त्या अभ्यासाचे फळ नाकारता येत नाही. बाजारांत वावरणे सुकर व्हावे म्हणून तिने पुरुषी पोषाखाचा पोलिसी परवानाही काढला होता. १८४९ साली प्रदर्शित झालेल्या तिच्या नांगरणीच्या चित्रात एकेका नांगरास सहा सहा बैल जुंपलेले आहेत. भारी काळी जमीन कसणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्यास ते दृश्य परके वाटू नये.

१८५६ साली ती स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात गेली. तेथील लांब केसांची, रुंद शिंगांची गुरे तिच्या मनात अशी भरली की, पुढे कित्येक वर्षे ती तैलरंगांत उतरत राहिली. १८६० च्या एका चित्रात वादळी आभाळाखाली गुरामेंढरांचा कळप हाकलला जात आहे. मेळघाटात आषाढसरीत गुरे वळविणाऱ्यास त्या जनावरांची अस्वस्थता समजावून सांगावी लागणार नाही.

१८६५ साली सम्राज्ञी युजेनी हिने स्वतः तिच्या घरी जाऊन फ्रान्सचा ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान तिला अर्पण केला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री-कलावंत होय. आमच्या घरोघरी शेण काढण्यापासून धारेपर्यंत सारे मुलीच करतात. त्यांतील एखादीने हाती कागद घेतला तर तो हिसकावू नये, एवढेच आमचे वडीलधाऱ्यांस सांगणे आहे.

२५ मे १८९९ रोजी रोझा निवर्तली. १८७९ साली तिने वासरांचे दूध तोडण्याचा प्रसंग रंगविला होता. डोंगरावरच्या कुरणातले ते चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.