माळ्यावरच्या कागदांसाठी दारोदार फिरलेला माणूस : इतिहासाचार्य राजवाडे

धुळे : जुन्या घराचा माळा साफ करायला काढला की कधी कधी मळक्या कापडात बांधलेलं गाठोडं हाती लागतं. आत मोडीतले कागद. घरात कुणालाच वाचता येत नाहीत, मग ते रद्दीत जातात, नाहीतर बंबात. सव्वाशे वर्षांपूर्वीही हेच चालायचं. हे कागद वाचवायला एक माणूस आयुष्यभर दारोदार फिरला आणि शेवटी आपल्या धुळ्यात विसावला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

जन्म १८६३ चा. डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. इंग्रजी उत्तम, पण लिहायचं ते मराठीतच, असा हट्ट. पत्नी तरुणपणीच वारली, पुन्हा लग्न केलं नाही. स्वयंपाक स्वतःच्या हाताने करायचा आणि कागदांचा माग लागेल तिकडे निघायचं.

कागद मात्र सहज कुणी देत नसे. इंग्रजांच्या इनाम कमिशनने सनदा तपासून अनेकांची इनामं काढून घेतली होती, ती धास्ती घराघरांत होती. दप्तर दाखवलं आणि वतन गेलं तर? राजवाड्यांचा स्वभावही तापट, गोड बोलून काम काढणारा गडी तो नव्हे. तरी चिकाटी अशी, की नाही म्हटलेल्या दारी पुन्हा जायचे.

वाईला सापडलेल्या पत्रांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे असे २२ खंड झाले. या पहिल्या खंडात पानिपताच्या आधीचा काळ आहे. बखरी बहुतेक मागाहून लिहिलेल्या, त्यांत ऐकीव गोष्टी फार. पत्र मात्र त्याच दिवशी, त्याच छावणीत बोरूने लिहिलेलं. भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांकडे पैशासाठी, रसदेसाठी पुन्हा पुन्हा तगादा लावताहेत, हे त्या पत्रांत दिसतं. १४ जानेवारी १७६१ ला जे झालं, त्याच्या आधीची ओढाताण अशी थेट समोर येते. बखर वाचून ते कळत नाही.

बरं, पत्र मिळालं म्हणजे काम संपलं असंही नाही. पुष्कळ पत्रांवर तारीख असते, पण साल नसतं. मग वार, महिना आणि मजकुरातल्या घटना जुळवून साल काढायचं. एकेका कागदाला किती वेळ गेला असेल, विचार करा!

१९०९ मध्ये जुन्या हस्तलिखितावरून त्यांनी ज्ञानेश्वरी छापली. १९१० ला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, पण तिथेही मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. माणूस मोठा होता, जमवून घेणारा नव्हता. त्यांचे सगळेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. जमवलेली पत्रं मात्र अभ्यासक आजही उघडतात.

३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात त्यांचं निधन झालं. मागे राहिले ते कागद. ते सांभाळायला धुळेकरांनी अवघ्या नऊ दिवसांत, ९ जानेवारी १९२७ ला, राजवाडे संशोधन मंडळ काढलं. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याहून कामासाठी धुळ्याला येणारे कितीतरी जण या मंडळावरून जातात. पुढच्या खेपेला आत डोकवा, आणि घरी माळ्यावर गाठोडं असेल तर त्याबद्दल तिथे विचारा.