गाडग्यातली भाकर

खाण्याचा मी लय शौकीन. वांग्याची भाजी, रोडगे, पाटोडी, नवं काही असलं तरी चालतं. पण खाण्याचा विषय निघाला की मला गाडगेबाबा आठवतात.

२३ फेब्रुवारी १८७६ ला आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी जन्मले. वडील दारूपायी गेले. आईने मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला मामाच्या घरी नेलं. तिथं त्यांनी गुरं राखली, शेती केली. पुढे मुलीच्या बारशाला भावकीला मटण-दारूचं जेवण पाहिजे होतं. डेबूजींनी गोडधोड वाढलं. लोक कुरकुरले, ते हटले नाहीत.

१९०५ मध्ये घर सोडलं. गावात शिरले की आधी खराटा, मग भाकर, तीही गाडग्यात. पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभारल्या, भुकेल्यांना जेवू घातलं. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ ते गेले. २००५ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

नवनवे पदार्थ जरूर चाखावेत. पण घाम गाळल्यावरची कोरडी भाकरही गोड लागते, हे मी बाबांकडून घेतलं. मेसच्या ताटात टाकलेलं अन्न दिसलं की म्हणूनच जीव तुटतो. लागेल तेवढंच घेऊ या, बापा!