विल्यम केरी यांची सामाईक पेटी

ज्यांच्या श्रमानें १८११ सालीं मराठी नवा करार छापून निघाला, ते विल्यम केरी इंग्लंडांत १७६१ सालीं गरिबाच्या घरीं जन्मले. तरुणपणीं ते जोडे शिवून पोट भरीत. १७९३ सालीं ते बंगाल्यांत आले. तेथें जवळचा पैसा लवकरच संपला आणि बायकामुलांचे फार हाल झाले. पुढील वर्षीं निळीच्या कारखान्यांत चाकरी मिळतांच, यापुढें आपणांसाठीं पैसा पाठवूं नये असें त्यांनीं स्वदेशींच्या मिशनमंडळास कळविलें.

१८०१ सालीं ते कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत शिकवूं लागले. पगार दरमहा ५०० रुपये, पुढें दुप्पट. परंतु सेरामपूर येथें मार्शमन व वार्ड या सोबत्यांसह त्यांची एकच सामाईक पेटी होती. सर्व मिळकत तींत पडे. घरखर्चापुरतें थोडें घेऊन बाकीचें छापखाना व शाळा यांस लागे.

१८३० पासून कलकत्त्यांतील मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. मिशनच्या ठेवी गेल्या, केरींचें वेतनही घटलें. तरी त्यांनीं काम सोडिलें नाहीं. १८३४ सालीं ते वारले. एका मुलास द्यावयाची रक्कम आपलीं पुस्तकें विकून उभी करावी, असें त्यांच्या मृत्युपत्रांत होतें.

प्रिय वाचकहो, पीक बुडालें म्हणजे आम्हांस प्रथम सावकाराचें दार आठवतें. पण सुगीच्या दिवसांत आम्हीं काय केलें? मिळकत वाढली म्हणून केरींनीं गरजा वाढविल्या नाहींत, आणि स्वतःच्या श्रमानें भागूं लागतांच मंडळीवर भार टाकिला नाहीं. हातीं आलेला पैसा देवाची ठेव आहे, असें समजून चालणाऱ्याचें धन गेलें तरी अब्रू जात नाहीं.