मायकेल फॅरडे आणि घन पदार्थांतील वीज

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळील न्यूइंग्टन येथें एका गरीब लोहाराच्या घरीं झाला. चवदाव्या वर्षीं तो पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करूं लागला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूनही काढी. आमच्या मतें हीच त्याची खरी शाळा. १८१२ सालीं त्यानें सात तांब्याचीं नाणीं, जस्ताच्या सात चकत्या व मिठाच्या पाण्यांत भिजविलेले सहा कागद एकावर एक रचून विजेचा घट केला. त्याच वर्षीं सर हंफ्रे डेव्ही यांचीं व्याख्यानें ऐकून त्यानें आपलीं टिपणें सुबक बांधून त्यांजकडे पाठविलीं, आणि १८१३ च्या मार्चांत तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यांचा साहाय्यक झाला.

फॅरडे यांच्या १८३१ च्या शोधांतून विजेचें जनित्र निघालें, हें वाचकांस ठाऊकच असेल. आम्ही येथें एका कमी परिचित शोधाकडे वळतों. १८३३ सालीं ते रुपें व गंधक यांचा संयुक्त पदार्थ तापवीत होते. धातु तापला म्हणजे त्यांतून वीज वाहणें कठीण होतें; हा पदार्थ तापतांच मात्र ती अधिक वाहूं लागली! रुप्याचे विद्युद्भारित कण अशा घन पदार्थांतून सरकूं शकतात, हें पुढें उमगलें. अशा कणांना 'आयन' हें नांव फॅरडे यांनींच १८३४ सालीं रूढ केलें.

आज ज्या घन लिथियम-वायु घटांचें संशोधन चाललें आहे, त्यांचा आधार आयनांचें हें सरकणेंच होय. त्यांत एका बाजूस लिथियम धातु, दुसऱ्या बाजूस हवा शिरेल असा सच्छिद्र ध्रुव, व मध्यें घन पदार्थाची भिंत असते. बाहेरून तार जोडली कीं लिथियमचा अणु एक इलेक्ट्रॉन सोडतो. इलेक्ट्रॉनास भिंतींतून वाट नाहीं. तो तारेनें जातो व वाटेंत दिवा पेटवितो. उरलेला आयन भिंतींतूनच पलीकडे सरकतो. तेथें हवेंतील प्राणवायूशीं दोघांची गांठ पडून बहुधा लिथियम पेरॉक्साइड तयार होतें व छिद्रांत सांचत जातें. छिद्रें बुजलीं, अथवा लिथियम संपलें, कीं दिवा मालवलाच. मध्यें ज्वालाग्राही द्रव असता तर तो पेटण्याचें भय, शिवाय हवेंतील ओल लिथियमपर्यंत पोहोंचण्याचें. घन भिंत हें टाळते; पण तिला तडा गेला, किंवा ती ध्रुवास नीट चिकटली नाहीं, तर आयन अडून बसतात. हे घट प्रयोगशाळेबाहेर फारसे न पडण्याचें हें एक कारण होय.

फॅरडे यांस गणित फारसें अवगत नव्हतें. मुलांकरितां मात्र १८२७ ते १८६० या काळांत त्यांनीं नाताळांत १९ व्याख्यानमाला दिल्या. त्यांतील मेणबत्तीवरील माला सर्वांत प्रसिद्ध आहे. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें ते निवर्तले.