वहिवाट

भूगोलाच्या तासाला पेनाइन डोंगररांग मी नकाशात भरली होती. इंग्लंडचा कणा म्हणतात तिला, एवढंच पाठ. त्या कण्यावरून चारशेहून जास्त किलोमीटरची पायवाट जाते आणि ती एका माणसाच्या चिकाटीतून आली, हे फार उशिरा कळलं.

टॉम स्टीफनसन १८९३ साली लँकेशायरमधल्या चोर्लीत जन्मला. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो कापडछपाईच्या कारखान्यात लागला. एका शनिवारी तो पेंडल डोंगरावर चढला. उत्तरेला बर्फानं झाकलेली शिखरं दिसली आणि पोरगा कायमचा डोंगरांचा झाला! पुढे रात्रीच्या वर्गांत शिकून भूशास्त्रासाठी शिष्यवृत्ती मिळवली. पण पहिल्या महायुद्धात त्यानं लढायला नकार दिला, तुरुंगात सक्तमजुरी भोगली, आणि ते शिक्षण हातचं गेलं. मला इथे सारखं थांबावंसं वाटतं. मिळालेली शिष्यवृत्ती अशी सोडणं सोपं नसतं हो.

मग स्टीफनसन पत्रकार झाले. त्या काळी पेनाइनचे कितीतरी माळ बंद होते. ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनदारांनी ते राखले होते. पाणी घाण होईल म्हणून जलाशयवालेही माणसांना येऊ देत नसत. आत शिरलात की राखणदार हाकलणार. १९३५ मध्ये दोन अमेरिकन मुलींचं पत्र आलं: आमच्या ॲपलेशियन ट्रेलसारखी वाट तुमच्याकडे आहे का? नव्हती. स्टीफनसन यांनी ‘डेली हेरल्ड’मध्ये लेख लिहून तशी वाट मागितली. मला यात त्यांची युक्ती दिसते. माळ खुले करा म्हटलं तर जमीनदार अंगावर येणार. एक वाट द्या म्हटलं की मागणी लहान दिसते. पण वहिवाटीचा हक्क एकदा लागला, की फाटक लावता येत नाही.

लेख लिहून ते मोकळे झाले नाहीत. १९४८ मध्ये बार्बरा कॅसल, ह्यू डाल्टन अशा खासदारांना त्यांनी या नियोजित वाटेवर चालवलं. त्याच साली पदभ्रमण करणाऱ्यांच्या संघटनेचे ते सचिव झाले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ मध्ये वाटेला मंजुरी. तरी तुकड्यातुकड्यांनी हक्क मिळवण्यात आणखी चौदा वर्षं गेली!

२४ एप्रिल १९६५ ला मॅलमजवळ वाटेचं उद्घाटन झालं, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. गंमत म्हणजे १९३२ मध्ये याच तारखेला शेकडो तरुण किंडर स्काउटच्या बंद माळावर घुसले होते आणि पाच जणांना तुरुंगवास झाला होता. त्या घुसखोरीनं काही साधलं नाही, असं स्टीफनसन यांचं मत. मला ते पटत नाही. दार ठोठावणाराही लागतो आणि किल्ली शोधणाराही.

मोकळ्या माळांवर कुणालाही फिरू देणारा कायदा इंग्लंड-वेल्समध्ये २००० साली झाला. स्टीफनसन १९८७ मध्येच गेले होते.