सहकाऱ्याला टीबी झाल्याचं कळलं? स्टेथोस्कोपच्या जनकाची कहाणी तुमच्या कामाची आहे

तुमच्या ऑफिसात, कारखान्यात किंवा वॉर्डात रोज शेजारी काम करणाऱ्या व्यक्तीला टीबी म्हणजे क्षयरोग झाल्याचं कळलं, की दोन प्रकारची माणसं दिसतात. काही जण घाबरून गाळण उडाल्यासारखी त्याच दिवशी चार तपासण्या करून घेतात. काही जण म्हणतात, "मला तर काहीच होत नाहीये, मग कशाला जायचं डॉक्टरकडे?" दवाखान्यात आम्हाला जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्या गटाची. तुम्ही त्या गटात असाल, तर 200 वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरांची गोष्ट जरूर वाचा. त्या काळी क्षयरोग त्यांच्याइतका क्वचितच कुणाला कळला असेल. तरीही कामाच्या ठिकाणचा धोका त्यांच्या लक्षात आला नाही.

नाजूक प्रकृतीचा हुशार विद्यार्थी

रेने लेनेक यांचा जन्म 17 फेब्रुवारी 1781 रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर या गावी झाला. लहानपणीच आई गेली. पुढे नांत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना सांभाळलं आणि वैद्यकीची गोडीही तिथेच लागली. 1801 साली ते पॅरिसला आले. अंगकाठी किरकोळ आणि प्रकृती नाजूक, पण अभ्यासात पहिले. 1803 मध्ये त्यांनी वैद्यक आणि शल्यक्रिया या दोन्ही विषयांत पहिलं बक्षीस मिळवलं.

त्या काळच्या पॅरिसमध्ये वैद्यकाचा अभ्यास म्हणजे दोन जागा: रुग्णांनी भरलेला वॉर्ड आणि शवविच्छेदनाची खोली. रुग्ण जिवंत असताना त्याच्यात काय दिसलं आणि मृत्यूनंतर शरीरात काय सापडलं, याचा मेळ घालायचा ही नवी पद्धत होती. वॉर्डातले आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरचे कितीतरी रुग्ण क्षयाचे असत. मास्क नाही, हातमोजे नाहीत. हा आजार जंतूंमुळे होतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

बोटावरची ती गाठ

याच काळात, एका क्षयरुग्णाच्या मृतदेहाच्या पाठीचे मणके करवतीने कापताना लेनेक यांच्या डाव्या हाताच्या तर्जनीला ओरखडा गेला. त्यांनी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे थोडी लाली आली आणि मग हळूहळू छोटी गाठ वाढू लागली. त्वचा फाटल्यावर आत पिवळसर, घट्ट पदार्थ दिसला. क्षयाच्या फुप्फुसात ते रोज पाहत होते तसाच. त्यांनी अँटिमनीच्या दाहक द्रावाने ती गाठ जाळली, जखम भरली आणि काम पुढे सुरू झालं.

सुमारे 20 वर्षांनी आपल्या ग्रंथात त्यांनी ही हकिगत स्वतःच नोंदवली. त्यानंतर आपल्याला काहीच त्रास झाला नाही, असंही लिहिलं. आज कोणताही डॉक्टर ही नोंद वाचून सांगेल, की तो त्वचेत झालेला क्षयाचा संसर्ग असावा. त्यांच्या फुप्फुसांतला आजार मात्र त्या ओरखड्यातूनच आला असं म्हणता येत नाही. फुप्फुसाचा टीबी प्रामुख्याने हवेतून पसरतो, आणि ती हवा ते वर्षानुवर्षं श्वासात घेत होते.

आजूबाजूला माणसं जात होती

त्यांचा धाकटा भाऊ 1810 मध्ये क्षयाने गेला. त्याच वर्षी त्यांचे मित्र डॉ. गास्पार बेल यांनी 900 शवविच्छेदनांच्या आधारे क्षयरोगावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. 1816 मध्ये बेलही क्षयानेच वारले.

1816 हेच वर्ष लेनेक यांच्या शोधाचंही. नेकेर रुग्णालयात एक स्थूल तरुणी हृदयाच्या तक्रारीने आली होती. छातीला कान लावणं प्रशस्त नव्हतं. लाकडाच्या एका टोकाला केलेला आवाज दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकता येतो, हे त्यांना आठवलं. त्यांनी कागदांची घट्ट सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे सुरळीची जागा सुमारे 30 सेंटिमीटर लांबीच्या लाकडी नळीने घेतली. तोच पहिला स्टेथोस्कोप. 1819 मध्ये त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ आला. फुप्फुसात क्षयाने पोकळी झाली असेल तर आवाज कसा येतो, छातीत पाणी असेल तर कसा, हे त्यांनी त्यात तपशीलवार सांगितलं. वेगवेगळ्या अवयवांत दिसणाऱ्या क्षयाच्या गाठी हे एकाच आजाराचं रूप आहे, हेही त्यांनी दाखवलं.

जे पाहिलं, त्याचा अर्थ वेगळा लागला

क्षय कशामुळे होतो, या प्रश्नावर मात्र ते चुकले. निदान फ्रान्समध्ये तरी हा आजार एकाकडून दुसऱ्याला होताना दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. दीर्घकाळचं दुःख आणि मनस्ताप हे त्यांना मोठं कारण वाटे.

यासाठी त्यांनी एका मठाचं उदाहरण दिलं. तिथल्या जोगिणींवर ते 10 वर्षं उपचार करत होते. नियम फार कडक होते, आणि एकेक करून जोगिणी क्षयाने जात होत्या. दहा वर्षांत तिथली जवळजवळ सगळी माणसं दोन-तीनदा बदलली. वाचल्या त्या मोजक्याच: मठाच्या प्रमुख, दाराशी काम करणारी, आणि बाग, स्वयंपाकघर, आजारी खोली सांभाळणाऱ्या. या बायकांना बाहेरच्या कामांमुळे मन रमवायला मिळतं म्हणून त्या वाचल्या, असं लेनेक यांना वाटलं. आज तीच हकिगत वाचताना आमच्या मनात आधी दुसरा प्रश्न येतो: बाकीच्या जोगिणी बंद खोल्यांत एकत्र किती तास घालवत होत्या?

लेनेक यांची प्रकृती मधूनमधून ढासळत होती. 1819 मध्ये ते पॅरिस सोडून ब्रिटनीतल्या केर्लुआर्नेक या आपल्या घरी राहायला गेले. बरं वाटल्यावर परतले, प्राध्यापक झाले, 1824 मध्ये लग्न केलं आणि पुन्हा वॉर्डात रमले. 1826 मध्ये ताप, खोकला आणि अशक्तपणा बळावला. नात्यातल्याच मेरियादेक या तरुण डॉक्टरने स्टेथोस्कोपने त्यांची छाती तपासली आणि काय ऐकू येतं ते सांगितलं. त्या खुणांचा अर्थ लेनेक यांनीच जगाला शिकवला होता. 13 ऑगस्ट 1826 रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी, केर्लुआर्नेकमध्ये त्यांचं निधन झालं. आपला स्टेथोस्कोप त्यांनी मेरियादेकला दिला.

पुढे 1865 मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर व्हिलमँ यांनी क्षय संसर्गाने होतो हे सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी जंतू सापडल्याचं जाहीर केलं. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. यातलं काहीच लेनेक यांच्या वाट्याला आलं नाही. तुमच्याकडे हे सगळं आहे.

मग तुम्ही काय करायचं?

आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. संपर्क म्हणजे रुग्णासोबत एकाच हवेत असणं. संसर्ग म्हणजे जंतू शरीरात शिरून सुप्त राहणं; यात त्रास नसतो आणि तुमच्यापासून कुणाला धोकाही नसतो. आजार म्हणजे जंतू वाढून लक्षणं देणं. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो, आणि पहिल्या दोन वर्षांत हा धोका सर्वाधिक असतो. म्हणून आज त्रास नाही, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

- संपर्क किती होता? सहकाऱ्याचा टीबी फुप्फुसाचा आहे का, आणि बंद किंवा एसीच्या खोलीत तुम्ही किती तास एकत्र होता, हे महत्त्वाचं. डबा वाटून खाणं, हस्तांदोलन, एकच कप किंवा स्वच्छतागृह वापरणं यातून टीबी पसरत नाही.
- लक्षणं आहेत का? दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे लगेच करा. सरकारी रुग्णालयात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. माहितीसाठी निक्षय हेल्पलाइन: 1800-11-6666.
- लक्षणं नसतील तरी एकदा डॉक्टरांना भेटा. गरज वाटल्यास ते माँटू किंवा इग्रा ही रक्ताची चाचणी सांगतील. संपर्कानंतर लगेच केलेली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. 8 ते 10 आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागू शकते. आपल्याकडे अनेक प्रौढांची चाचणी जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येते. पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे.
- प्रतिबंधक उपचार सक्रिय आजार नाही याची खात्री करूनच देतात. मधुमेह, एचआयव्ही, डायलिसिस किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असतील, किंवा घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका.
- कामाच्या जागी खिडक्या उघड्या ठेवायला लावा. हवा खेळती राहणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे. रुग्णालयात काम करत असाल तर एन-95 मास्क टाळू नका.
- सहकाऱ्याला वाळीत टाकू नका. साध्या टीबीत योग्य औषधं सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्ग पसरवण्याची शक्यता खूपच कमी होते. लोक दूर ढकलतील या भीतीने माणूस आजार लपवतो, आणि लपलेला टीबीच पसरतो.

पुढच्या वेळी डॉक्टर तुमच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून लांब श्वास घ्यायला सांगतील, तेव्हा एक गोष्ट न विचारताही सांगा: तुम्ही कुठे काम करता आणि तिथे कुणाला टीबी झाला आहे का. छातीतल्या आवाजावरून ते कळत नाही.