नंबर सांभाळणारा माणूस : जॉन पोस्टेल

होस्टेलवर रात्री अकरानंतर एखादी साइट उघडेनाशी झाली की आपण आधी वायफायला शिव्या घालतो. मग कॉरिडॉरमधला कुणीतरी शहाणा लॅपटॉप उघडून पिंग मारतो आणि जाहीर करतो की नंबरावर पिंग जातंय पण नाव सापडत नाही, म्हणजे डीएनएसचा घोळ आहे. पिंगमागचा प्रोटोकॉल जॉन पोस्टेलने लिहिला आणि डीएनएसचं काम त्यानेच लावून दिलं. तरी त्याचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. मला तर ते टेक्स्टबुकच्या तळटीपेत सापडलं.

पोस्टेल यांनी असं लिहायला हवं खरं, पण लांब दाढी ठेवून सँडल घालून फिरणाऱ्या या माणसाला अहो-जाहो करायला हात वळत नाही. जन्म ६ ऑगस्ट १९४३, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनाचा. शाळा व्हॅन नाइस हायस्कूल. व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे पुढे नेटवर्कमध्ये गाजलेले दोघंही याच शाळेचे! युसीएलएमधून १९६६ मध्ये बीएस, १९६८ मध्ये एमएस आणि १९७४ मध्ये पीएचडी. १९६९ मध्ये अर्पानेटचं पहिलं यंत्र युसीएलएत आलं, तेव्हा लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या लॅबमधल्या पोरांत जॉनही होता. २९ ऑक्टोबरला तिथून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचा प्रयत्न झाला. दोन अक्षरं गेली आणि समोरचं मशीन बसलं. म्हणजे नेटवर्कचा श्रीगणेशाच क्लायंट-सर्व्हर एररने झाला.

त्या दिवसांत कुठला नंबर कोणत्या कामाला द्यायचा हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं. ते जॉनने स्वतःकडे घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. मेलला २५, डीएनएसला ५३, वेबला ८० हे पोर्ट आपण परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो, त्यांची वही त्याच्याकडे असायची. आरएफसी या दस्तऐवजांचा संपादकही तोच. १९७७ पासून तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयएसआय या संस्थेत होता. काम कारकुनी वाटतं, पण दोघांनी एकच नंबर वापरला तर काय गोंधळ होईल याची कल्पना करा.

सप्टेंबर १९८१ मध्ये त्याच्या नावाने आरएफसी ७९२ निघाला, म्हणजे आयसीएमपी. पॅकेट पोचलं नाही तर गप्प बसू नका, का पोचलं नाही ते पाठवणाऱ्याला कळवा, एवढंच त्याचं सार. पत्ता गाठता येत नाही, वेळ संपली, असे वेगवेगळे निरोप त्यात ठरवलेत. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्युस यांनी त्यातल्याच एको निरोपावर पिंग लिहिलं.

त्याच सुमारास दुसरा प्रश्न डोक्यावर बसला. सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एका फाइलमध्ये असत आणि प्रत्येकजण ती उतरवून घेई. मशीनं वाढली तशी प्रत्येकाकडची प्रत शिळी होऊ लागली. जॉनने आयएसआयमधल्या पॉल मोकापेट्रिस यांना त्यावरच्या सूचना तपासायला दिल्या. त्यांनी वेगळीच रचना केली आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये डीएनएस कागदावर आलं. आपण ज्याला डिस्ट्रिब्यूटेड कॅश म्हणतो त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. उत्तर एकदा मिळालं की वाटेतला सर्व्हर ते जपून ठेवतो, किती सेकंद ते टीटीएल सांगतो. (आयपीच्या पॅकेटमधला टीटीएल वेगळा बरं का, व्हायव्हाला इथेच पकडतात.)

आमच्या फेस्टची साइट नव्या सर्व्हरवर हलवली तेव्हा अर्ध्या होस्टेलला जुनी दिसत होती, अर्ध्याला नवी. टीटीएल होता ८६४००, म्हणजे पूर्ण एक दिवस! अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही. डिग कमांडने आधी आपल्या कॅशला विचारावं, मग थेट मूळ सर्व्हरला. दोन उत्तरं वेगळी आली तर प्रत शिळी आहे. एनएक्सडोमेन आलं तर असं नावच नाही, आणि हे नकारार्थी उत्तरसुद्धा कॅशमध्ये राहतं, म्हणून नाव नोंदवल्यावरही काही वेळ तेच येतं. सर्व्हफेल म्हणजे विचारलेल्या सर्व्हरला उत्तर मिळवताच आलं नाही. आणि काहीच आलं नाही तर पॅकेट वाटेत हरवलं असेल, कारण ही चौकशी बहुधा यूडीपीवरून जाते आणि यूडीपी पोचण्याची हमी देत नाही. तो यूडीपीही १९८० चा, जॉनचाच.

पण प्रती शेवटी कुणावर विश्वास ठेवतात? सगळ्यात वर तेरा रूट सर्व्हर. त्यांची मूळ यादी १९९८ मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीच्या सर्व्हरवरून निघे, आणि हा अधिकार कुणाचा यावर अमेरिकेत भांडण पेटलं होतं. २८ जानेवारी १९९८ ला जॉनने रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना कळवलं की यादी आता माझ्याकडून घ्या. कंपनीचे आणि सरकारी-लष्करी सोडून उरलेल्या आठांनी ऐकलं, केवळ तो सांगतोय म्हणून. यादी तीच होती, त्यामुळे कुणाचीही साइट बंद पडली नाही. व्हाइट हाउसचे सल्लागार आयरा मॅगझिनर मात्र भडकले, आणि जॉनने ही चाचणी होती असं सांगून सगळं पूर्ववत केलं. माझ्या मते चाचणी हा शब्द त्याने नंतर शोधला. पण त्याने दाखवलं ते खरं होतं : अर्ध्याहून जास्त रूट सर्व्हर कराराकडे न बघता एका माणसाच्या शब्दावर हलले. हे कौतुकाचं आहे तसंच धोक्याचंही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर?

त्या वर्षी सप्टेंबरात हा कारभार सांभाळायला आयकॅन ही संस्था स्थापन झाली. जॉन तिचा तांत्रिक प्रमुख होणार होता. हृदयाच्या झडपेचं दुखणं जुनं होतं, १९९१ मध्ये एक ऑपरेशन झालंच होतं. पुन्हा शस्त्रक्रिया झाली आणि १६ ऑक्टोबर १९९८ ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला, वय ५५. त्याच महिन्यात आरएफसी २४६८ निघाला. लिहिणारा व्हिंट सर्फ. त्यात प्रोटोकॉल नाही, फक्त जॉनची आठवण आहे.